जुन्या जीपचा जीर्णोद्धार : एक घरगुती जमाखर्च

जुनी वस्तु टाकवत नाहीं आणि ती जपण्याचा खर्च झेपत नाहीं, अशा पेंचांत प्रत्येक मोठें कुटुंब केव्हांना केव्हां सांपडतेंच. कोणाच्या माळ्यावर आजोबांची पायपेटी असते, कोणाच्या पडवींत पणजीचा पाळणा असतो. आमच्या घरीं गोठ्यांत एक जीपगाडी होती. ती पुन्हां चालती करण्यास किती खर्च आला, असें आम्हांस अनेक स्नेह्यांनीं विचारलें. तोंडी उत्तर देतांना मनुष्य कांहीं रकमा विसरतो व कांहीं मुद्दाम गाळतो. म्हणून घरच्या वहीवरूनच सगळा हिशेब वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत आमच्या फजितीचा भाग बराच आहे. परंतु तो वगळला तर लेख लिहिण्याचें कारणच उरत नाहीं.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत आहे. तिघां भावांचीं कुटुंबें, थोरले काका आणि सुटीला येणारीं पुण्यामुंबईचीं मुलें असा पंधरा-सोळा माणसांचा राबता. बंधू आंब्याची बाग पाहतात; आम्ही तालुक्याच्या गांवीं शिक्षकी करतों. ही जीप काकांनीं १९७४ सालीं घेतली, तीहि दुसऱ्याच्या हाताखालून गेलेली. त्या वेळीं बागेपर्यंत सडक नव्हती. पावसाळ्यांत बैलगाडीचें चाकसुद्धां रुतून बसे. आंब्याच्या पेट्या, खताचीं पोतीं, विहिरीचे चिरे, सगळें जीपनेंच वाहिलें. गांवाला मात्र ती निराळ्या कारणानें आठवते. रात्रीं-अपरात्रीं अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला गडी तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचवावयाचा, तर गांवांत दुसरें वाहन नव्हतें. काका हांकेसरशीं उठत आणि पेट्रोलचा पैसा कधीं मागत नसत. १९९९ सालीं इंजिन अडलें, घरांत नवी मोटार आली आणि जीप गोठ्याच्या कोपऱ्यांत गेली. पुढें गुरें कमी झालीं, झावळ्या आणि मोडकीं खोरीं तिच्यावर रचलीं गेलीं, आणि मुलें तिला ‘काकांची जीप’ म्हणण्याऐवजीं ‘ती अडगळ’ म्हणूं लागलीं.

२०२२ च्या दसऱ्याला गोठा साफ करण्याचें निघालें, तेव्हां एक भंगारवाला २८,००० रुपये देण्यास तयार झाला. त्या दिवशीं पंगतींत ही गोष्ट निघाली. काका त्या वेळीं चौऱ्यांशीं वर्षांचे होते. ते कांहीं बोलले नाहींत. फक्त पानावरून अर्धें जेवून उठले. रात्रीं तिघे भाऊ आणि आमच्या वहिनी बसलों. घरची वही गेलीं तीस वर्षें वहिनींच्याच हातीं आहे. आम्हीं एका कागदावर अंदाज मांडला. तो १,६०,००० रुपये झाला. बागेचें उत्पन्न बरें आलें होतें. वहिनी म्हणाल्या, “भावजी, एवढ्यांत होणार असेल तर करा. पण आंकडा लक्षांत ठेवा.” आम्हीं मान डोलावली.

ही गाडी कोण, कोठली?

पुढील खर्चाचा अर्थ कळण्यासाठीं या गाडीचें कुळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यास हलकी, चारही चाकांस जोर मिळणारी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना हजर केला. पुढें मोठें काम विलीज आणि फोर्ड यांजकडे गेलें, व युद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. १९४५ मध्यें विलीजनें शेतकऱ्यांसाठीं व नागरिकांसाठीं ‘सीजे’ नांवाची जात काढली. आपल्याकडे महिंद्र बंधु व मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ मध्यें स्थापिलेल्या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलीजच्या जीपा जोडण्याचें काम हातीं घेतलें. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्यें कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें बदललें.

आमची गाडी ‘सीजे-३बी’ या जातीची. अमेरिकेंत ही जात १९५३ पासून १९६८ पर्यंत निघाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही कित्येक वर्षें चालू राहिला. तिचें इंजिन सुमारें २.२ लिटरांचें, चार सिलिंडरांचें. त्यांत पेट्रोल आंत घेणाऱ्या झडपा डोक्यांत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा खालच्या ठोकळ्यांत असतात. या रचनेनें इंजिन उंच झालें, आणि तें झांकण्यासाठीं बोनेटही उंच करावें लागलें. ३बी लांबून ओळखूं येते ती या उंच कपाळामुळें. पुढच्यामागच्या चाकांमधील अंतर ८० इंच आणि वजन सुमारें एक हजार किलो. गिअरच्या दांड्याशेजारीं आणखी दोन लहान दांडे असतात. एकानें पुढच्या चाकांस जोर जोडतां येतो. दुसऱ्यानें सगळी गति मंद करून ओढ वाढवितां येते. चिखलाच्या चढणीवर या दोन दांड्यांचें महत्त्व कळतें.

हें कुळ सांगण्याचें कारण असें, कीं एकच रचना इतकीं वर्षें चालल्यामुळें तिचे सुटे भाग आजही मिळतात. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारांत व पंजाबांत ते नवे मिळतात. पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारांत शोध घेतल्यास मूळचेही हातीं लागतात. भाग मिळत असल्यामुळें काम शक्य होतें, आणि त्याच कारणानें मनुष्य फसतोही. एखादा भाग पांचशें रुपयांत मिळाला, कीं सगळी गाडी स्वस्तांत होईल असें त्याला वाटूं लागतें.

गंज आंतून येतो

आमचा अंदाज पहिल्याच महिन्यांत चुकूं लागला, आणि तो चुकविला गंजानें. कोंकणची हवा खारी व दमट. पत्र्याच्या दोन थरांमध्यें जेथें पाणी अडतें तेथें गंज आंतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. जीपच्या तळपत्र्याखालीं आधारासाठीं नळीसारख्या पट्ट्या असतात; त्यांत माती आणि ओल वर्षानुवर्षें बसून राहते. वरून हात फिरवून आम्हीं तळ ‘ठीक’ असल्याचें लिहिलें होतें. पुतण्यानें पेचकसाचें टोंक टेकून जरा दाब दिला, तों तें आरपार गेलें. ज्यांना जुनी गाडी घ्यावयाची वा दुरुस्त करावयाची असेल, त्यांनीं रंगाकडे न पाहतां पेचकस आणि लहान हातोडी घेऊन गाडीखालीं निजावें. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बदबदतो. या एका परीक्षेस अर्धा तास लागतो; ती न केल्याचा दंड आम्हांला पन्नास हजारांहून अधिक पडला.

दुसरी चूक क्रमाची. डिसेंबरांत मुलें सुटीला आलीं. त्यांना गाडी लवकर ‘गाडीसारखी’ दिसावयास हवी होती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही. म्हणून तळाचीं भोकें तात्पुरतीं बुजवून, लांबी भरून, २६,००० रुपये देऊन आम्हीं गाडी हिरवी रंगवून घेतली. तिचें छायाचित्र काकांना दाखविलें, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, “चासी पाहिलीत का?” आम्हीं पाहिली नव्हती. पुढें पाहिली तों पुढच्या पाट्याच्या आधाराजवळ ती तडकलेली निघाली. ती जोडण्यासाठीं वेल्डिंग करतांच भोंवतालचा नवा रंग करपला, तळपत्रा सगळा कापून काढावा लागला, आणि सगळा रंग पुन्हां द्यावा लागला.

घरीं काय होतें, काय होत नाहीं

आतां घरच्या श्रमाविषयीं. गाडी खोलणें, प्रत्येक भाग धुणें, घासणें, त्यावर चिठ्ठी बांधणें आणि शेवटीं पुन्हां जोडणें हीं कामें घरीं उत्तम होतात. आमच्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या या कामीं आल्या. प्रत्येक बरणींत एका जागचे बोल्ट आणि वर मुलांच्या अक्षरांत चिठ्ठी. खोलतांना पायरीपायरीला छायाचित्र काढून ठेवावें. सहा महिन्यांनीं स्मरणशक्ति कामास येत नाहीं. एक गोष्ट आम्हांला उशिरां कळली. जीपचे बोल्ट इंची मापाचे असतात, आणि हल्लीं घरोघर मिळणारे पाने मिलिमीटरचे. जवळजवळ बसणारा पाना लावून आम्हीं आठ-दहा बोल्टांचीं डोकीं घासून टाकलीं, तेव्हां कोठें इंची पान्यांचा संच आणला.

विजेच्या ताराचें काम आमच्या पुतणीनें केलें. जुन्या तारांचें वेष्टण बोटांत चुरा होत होतें आणि उरलेलें उंदरांनीं खाल्लें होतें. तिनें सगळा नकाशा कागदावर काढून, तारांना रंग ठरवून, दिवाळीच्या सुटींत नवी जोडणी केली. या कामाला मजुरी पडली नाहीं, आणि सगळ्या गाडींत एकदांही पुन्हां न करावें लागलेलें काम हेंच.

इंजिनाचें सिलिंडर कोरणें, क्रँक घासणें, चासीचें वेल्डिंग हीं कामें मात्र कसबी माणसाच्या हातचीं. तीं घरीं करण्याचा हट्ट धरूं नये. तीन गोष्टींत तर जिवाशीं गांठ आहे. पेट्रोलची रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां अधिक धोक्याची. आंत वाफ कोंडलेली असते, म्हणून तिला घरीं कधींही टांका मारूं नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये. खालीं भक्कम घोडे लावावे. ब्रेकबद्दल आणखी एक. या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या नळीवर चालतात. एके ठिकाणीं गळती झाली तर चारही जातात. म्हणून ब्रेकच्या नळ्या व रबरें सगळींच नवीं घालावीं, त्यांत काटकसर करूं नये. पेट्रोलच्या नळ्यांचीही तीच गोष्ट. आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. त्यानें जुनें रबर फुगतें आणि पंपाचा पडदा फाटतो. हे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच मागून घ्यावे.

वहींत न लिहिलेली रक्कम

आतां जें सांगावयाचें तें लिहितांना आजही हात अडखळतो.

इंजिन अडलेलें होतें. अशा वेळीं प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावें आणि पंधरा दिवस धीर धरावा. जोर केला तर पिस्टन फुटतो. तेवढें आम्हीं केलें व इंजिन सुटलें. मग तें एका गॅरेजांत दिलें. आगाऊ म्हणून, मग सामानासाठीं म्हणून, मग मजुरीसाठीं म्हणून असे तीन हप्त्यांत ३४,००० रुपये दिले. इंजिन मार्चांत परत आलें, सुरू झालें, आणि पंधरा दिवसांत निळा धूर सोडूं लागलें. दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीनें तें उघडलें, तों सिलिंडर न कोरतांच नवीं कडीं बसविलेलीं निघालीं. पैसे परत मागण्यास गेलों, तर उत्तर टोलवाटोलवीचें मिळालें.

हे ३४,००० आम्हीं वहींत लिहिले नाहींत. त्या सुमारास पावसाआधीं छपराची शाकारणी करण्यासाठीं वहिनींनीं काढून ठेवलेली रक्कम आमच्या हवालीं होती, कारण कौलें तालुक्याहून आणावयाचीं होतीं. इंजिनाचे पैसे आम्हीं त्यांतून दिले. इंजिन चांगलें निघालें कीं बोलूं, असें मनाशीं ठरविलें होतें. तें बिघडलेलें निघाल्यावर बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. कौलांविषयीं विचारलें, तर “गाडी मिळत नाहीं” असें सांगत राहिलों.

जूनच्या अखेरीस पाऊस लागला आणि दुसऱ्या रात्रीं माजघर गळूं लागलें. काकांचें अंथरूण हलवावें लागलें. पातेलीं, परात, बादल्या मांडल्या. वहिनींनीं कंदील हातांत घेऊन वर पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सगळें सांगून टाकलें. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. नंतर मुलांना उठवून म्हणाल्या, “जीपवरची ताडपत्री काढा आणि छपरावर टाका.” मुलांनीं भर पावसांत तसें केलें. गोठाही गळत होताच; घासून उघडा केलेला जीपचा पत्रा आठ दिवसांत तांबूस झाला, तो पुन्हां घासावा लागला.

सकाळीं त्यांनीं वही उघडली. वहींत गाडीच्या नांवें १,९३,००० रुपये दिसत होते. खरी रक्कम २,२७,००० होती. म्हणजे अंदाज तर केव्हांच ओलांडला होता, आणि गाडी सुटी होऊन पडलेली होती. त्या म्हणाल्या, “भावजी, पैसे गेले त्याचें मला एवढें नाहीं. या वहीवर घरांतलें प्रत्येक माणूस विश्वास ठेवतें. तिच्यांत एक ओळ खोटी निघाली, तर बाकीच्या ओळींचें काय?” याला उत्तर नव्हतें. धाकटे बंधू म्हणाले, येथेंच थांबावें, आहे तसें विकून टाकावें. त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. आम्हीं काकांकडे पाहिलें; ते म्हणाले, “माझ्यासाठीं करूं नका. घर आधीं.”

शेवटीं तोडगा वहिनींनींच काढला. काम चालू ठेवावें, परंतु चार अटींवर. पहिली, खर्च झाला त्याच दिवशीं वहींत चढावा, मग तो चहाचा असो कीं पिस्टनचा. दुसरी, महिन्याला २५,००० हून अधिक खर्च करूं नये. तिसरी, कोणाही कारागिराला कामाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक आगाऊ देऊं नये. चौथी, छपराचे ३४,००० आम्हीं आपल्या वेतनांतून परत भरावे. ते आम्हीं महिना ८,५०० प्रमाणें चार महिन्यांत भरले. जुलैपासून मार्चपर्यंत नऊ महिने काम या शिस्तींत चाललें, आणि २०२४ च्या गुढीपाडव्याला जीप आपल्या पायांनीं गोठ्याबाहेर आली.

एकूण हिशेब

वहींतील आंकडे पुढीलप्रमाणें. पहिला आंकडा दसऱ्याच्या अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्ष खर्चाचा; सर्व रुपयांत.

इंजिन : ४०,०००, ९६,०००
गिअरबॉक्स व चार चाकांची जोडपेटी : १०,०००, ४१,५००
पत्रा व चासी : ३०,०००; ८७,०००
रंग : २५,०००, ५२,०००
ब्रेक, स्टीअरिंग व पाटे : १५,०००, ४४,५००
टायर व ट्यूब, पांच : २०,०००, ३१,०००
तारा, बॅटरी, दिवे : ८,०००, १९,५००
गाद्या व टप : ७,०००, १८,०००
हत्यारें : कांहीं नाहीं, २६,५००
नोंदणी, कर, विमा : ५,०००, २२,०००
प्रवास, हमाली, चहापाणी : कांहीं नाहीं, १४,०००
एकूण : १,६०,०००, ४,५२,०००

म्हणजे खर्च अंदाजाच्या पावणेतीन पटींहून अधिक झाला. जास्त गेलेले २,९२,००० कोठें गेले, याचीही फोड वहिनींनीं करावयास लावली. रंगाचे २६,००० व पहिल्या इंजिनाचे ३४,००० असे ६०,००० शुद्ध नुकसानीचे. एक उतावीळपणाचें, दुसरें भिडेचें. हत्यारें आणि प्रवास यांचे ४०,५०० टळण्यासारखे नव्हते, पण आधीं दिसण्यासारखे होते. आम्हीं ते मांडलेच नाहींत, कारण ते मांडले असते तर अंदाज दोन लाखांवर गेला असता आणि घरानें होकार दिला नसता. ही आमची पहिली लबाडी, आणि दुसरी तिच्याच पोटांतून निघाली. राहिलेले १,९१,५०० हे लोखंडांत लपलेले होते. ते पेचकसानें व हातोडीनें बरेच आधीं शोधतां आले असते. तरी सगळे नव्हे. म्हणून आमचा सल्ला असा, कीं नीट तपासून केलेल्या अंदाजाची दुप्पट धरावी, आणि ती दुप्पट देण्याची तयारी नसेल तर गाडी खोलूंच नये. खोललेली गाडी ना विकतां येते ना ठेवतां येते.

कायद्याची बाजू

कित्येकांनीं आम्हांस सुचविलें, कीं पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें घाला. मोह मोठा होता. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपांत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीस २०,००० व नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत असे ते नियम होते. पण अशी गाडी नेहमींच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शनें, शर्यती, इंधन व दुरुस्ती यांपुरतीच तिला मुभा. आम्हांला ती बागेंत आणि बाजारांत न्यावयाची असल्यामुळें आम्हीं साध्या नोंदणीचें नूतनीकरण केलें. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चें ५,००० झालें, आणि पुढें आणखी वाढविलें गेलें. अनेक वर्षें थकलेले कागद असतील, तर गाडीला हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन चौकशी करावी. कागद उभे राहत नसतील, तर गाडी उभी करून उपयोग नाहीं.

मग केलें तें योग्य केलें काय?

पैशाच्या दृष्टीनें नाहीं, हें स्पष्टच सांगतों. पाडव्यानंतर एका गृहस्थांनीं जीपला साडेतीन लाख देऊं केले. म्हणजे विकली असती तरी एक लाख दोन हजार तोटा, आणि घरच्या माणसांच्या दीड वर्षाच्या श्रमाचें मोल वेगळेंच. त्याहून कमी पैशांत बागेस चालेल अशी जुनी, चालती गाडी मिळाली असती. ज्यांना केवळ वाहन हवें आहे त्यांनीं तीच घ्यावी.

पंजाबांत जीपचा सगळा नवा सांगाडा तयार मिळतो. तो आणला असता तर पत्र्याचें काम लवकर झालें असतें. पण देवळाचा जीर्णोद्धार करतांना गाभारा राखतात, त्याप्रमाणें आम्हीं बाजूचे जुने पत्रे राखले. उजव्या बाजूस १९८३ च्या पावसांत दरडीचा दगड लागून पडलेला खोंचा तसाच ठेवला आहे. त्या रात्रीं मागें निजविलेल्या बाईचा मुलगा आज गांवच्या शाळेंत शिक्षक आहे. गाडी प्रथम गांवांतून फिरली, तेव्हां तो आपल्या आईला घेऊन रस्त्यावर येऊन उभा राहिला. अशा गोष्टींची किंमत वहींत कोणत्या सदराखालीं लिहावी, हें आम्हांला माहीत नाहीं. म्हणून ती आम्हीं लिहिली नाहीं, आणि तिच्या जोरावर तोट्याचा आंकडाही कमी करून दाखविला नाहीं.

मेमध्यें जीपनें पहिलें खरें काम केलें. तालुक्याहून छपराचीं कौलें आणावयाचीं होतीं. पुतण्या चालवीत होता, काका शेजारीं, आम्ही मागें कौलांवर. बागेच्या चढणीवर पुतण्यानें दोन्ही लहान दांडे ओढले आणि गाडी भार घेऊन शांतपणें वर चढली. काकांनीं सगळा वेळ डोळे मिटले होते. आम्हांला वाटलें, त्यांचें मन भरून आलें असावें. घरासमोर उतरल्यावर ते म्हणाले, “दुसऱ्या गिअरला आवाज आहे. जोडपेटी पुन्हां उघडावी लागेल.”

वहिनी दारांतच उभ्या होत्या. त्यांनीं कौलें मोजून घेतलीं, वही आणली आणि नव्या पानावर लिहिलें : ‘जीप, दुसरा गिअर. अंदाज?’ आम्हीं आंकडा सांगण्यास तोंड उघडलें, आणि मिटलें. आधीं उघडून पाहूं, मग सांगूं, असें म्हटलें. त्या वर्षीं पावसांत माजघर गळलें नाहीं.